खिसा स्वतःचा, भिंत दोघांची

परवा आमच्या भाच्याने जाहीर केले, "मामा, मी घरी मायक्रोवेव्ह ओव्हन करतोय. भंगारातल्या चार ओव्हनांचे मॅग्नेट्रॉन एकत्र जोडून." दुकानातल्या ओव्हनमध्ये पाणी उकळते; याला म्हणे काच वितळवायची होती. ज्याचा चहा हमखास उतू जातो, त्याने काच वितळवायला निघावे याचे मला कौतुकच वाटले. मामा हा प्राणी मुळी भाच्यांना बिघडवण्यासाठीच जन्माला येतो.

"धोका आहे का रे?" मी आपले उगीच विचारले.

"आहे ना! चार हजार व्होल्ट. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते. पण जीव माझा, धोका माझा! स्पेन्सरने कुणाला विचारलं होतं?"

पर्सी स्पेन्सर हा अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतला इंजिनिअर. १९४५ च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनपाशी उभा असताना त्याच्या खिशातले चॉकलेट वितळले, आणि १९४७ मध्ये माणसाएवढा उंच, सुमारे ३४० किलोंचा ओव्हन बाजारात आला. खरे आहे. पण खिसा त्याचा स्वतःचा होता!

आमची भिंत मात्र दोघांची. ही लहर १२ सेंटिमीटरची. दाराच्या जाळीची बारीक भोके तिला अडवतात. पण घरगुती दाराला लांबट फट राहिली, की ती बाहेर. विटांची भिंत तिला पुरती थोपवत नाही. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथली उष्णता लवकर निघून जात नाही. आणि भिंतीपलीकडे शेजारच्या आजोबांची आरामखुर्ची! एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, दुसरा रांगेत.

"आजोबांना विचारलंस?"

"ते नाही म्हणतील ना!"

"नाही म्हणतील म्हणून विचारायचं नाही, याला प्रयोग नाही, चोरी म्हणतात," मी तत्त्वज्ञाच्या थाटात म्हणालो.

"मामा, रोज सकाळी तुमच्या स्कूटरचा धूर कुणाच्या खिडकीत जातो? विचारलंत कधी?"

तत्त्वज्ञान तिथेच आटोपले. संध्याकाळी आम्ही दोघे आरोपी आजोबांपुढे उभे राहिलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"काच खरंच वितळते?" त्यांनी विचारले. "मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांसमोर कर. मीही येईन बघायला." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही उद्यापासून स्कूटर फाटकाबाहेर ढकलत न्या. नऊ वर्षं वाट बघतोय, कधी विचारता याची."