अपिलात अडकलेला ऊस

देवळाली प्रवरातल्या एखाद्या मुलीने एमएला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतला, की घरातून पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा. उत्तर ठरलेलं असतं: यूपीएससी, नाहीतर नेट-सेट. हा विषय शिकायचा कशासाठी, हे कुणी विचारत नाही. अभ्यासक्रमालाही ते सांगायची घाई नसते. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, वेल्समधल्या ॲबरिस्टविथला या विषयाचं पहिलं अध्यासन निघालं. तेव्हापासून त्याचं सगळं लक्ष युद्ध, तह आणि महासत्ता यांच्याकडेच. उसाचं त्यात नाव नसतं.

वास्तविक तिथल्या राहुरी फॅक्टरीच्या, म्हणजे साखर कारखान्याच्या, परिसरात वाढलेल्या मुलीला हा विषय उसातूनच सापडायला हवा. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार नेली. तक्रारीच्या केंद्रस्थानी होती आपली एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा, सरकारने ठरवलेला किमान दर. भारताचा युक्तिवाद असा, की उसाचे पैसे सरकार देत नाही, कारखाना देतो. मग याला सरकारी मदत कशी म्हणायची? डिसेंबर २०२१ मध्ये तो फेटाळला गेला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला, असा निकाल लागला. डिसेंबर २०२१ मध्येच भारताने अपील केलं. पण ऐकणार कोण? अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंदच होतं. निकाल कागदावर राहिला आणि एफआरपी चालू राहिली.

नियम मोठे की ताकद मोठी, हा वर्गातला वाद. उदारमतवादी एक सांगतात, वास्तववादी दुसरं, आणि आपण दोन्ही बाजू लिहून गुण घेतो. या खटल्यात मात्र कुठल्याच बाजूला निवांत बसता येत नाही. मंडळ मोडलं अमेरिकेने, आडोसा मिळाला आपल्याला; आणि तेच मंडळ पुन्हा उभं करा, अशी मागणीही भारतच करतो. (परराष्ट्र धोरणातली सुसंगती ही बहुधा प्रश्नपत्रिकेतच भेटते.)

कांद्याचंही तेच. भारताने कांद्याची निर्यात बंद केल्यावर, ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत म्हणाल्या होत्या, की स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात पुन्हा बंद झाली, तेव्हा इकडे भाव पडले. शेजारधर्माचा पेपर लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी बाजार समितीतली त्या आठवड्याची भावपट्टी पाहिली असेल?

पण घरचा ऊस आहे म्हणून प्रबंध आपसूक चांगला होत नाही. अशा विद्यार्थिनीने केवळ आपली बाजू मांडली, तर ते वकीलपत्र होईल, अभ्यास नव्हे. ब्राझील बडा निर्यातदार, त्याच्यावर राग धरणं सोपं आहे. ग्वाटेमालाचं काय? तो आपल्यापेक्षा कितीतरी लहान देश, साखर विकून परकीय चलन मिळवणारा. भारताची साखर जगाच्या बाजारात ओतली गेली, की भाव त्याचाही पडतो. तिच्या प्रबंधातलं सगळ्यांत अवघड प्रकरण ग्वाटेमालाचं असेल, आणि मार्गदर्शकाने तिला ते गाळू देऊ नये.