गरीब कोणाला म्हणायचे?

आमच्या संगणकाच्या धंद्यात एकच नाव दोन प्रोग्रॅममध्ये दोन अर्थांनी वापरले की हमखास घोळ होतो. भाषेत मात्र अशा घोळातून कधी कधी शहाणपण हाती लागते. 'गरीब' हाच शब्द घ्या ना.

मराठीत गरीब म्हणजे पैसा नसलेला, नाहीतर स्वभावाने गाय. शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला, पण मूळचा अरबी. आणि अरबीत 'ग़रीब' म्हणजे परका, अनोळखी, विचित्र. पैशाचा संबंधच नाही! निर्धनाला अरबीत 'फकीर' म्हणतात; आपण त्याला झोळी देऊन साधू केले. दूर जाणे, मावळणे या अर्थाच्या त्याच धातूपासून संध्याकाळच्या 'मगरीब'च्या नमाजाचे नाव आले, आणि पश्चिमेचेही. अबू धाबीच्या पश्चिम भागाला २०१७ पर्यंत 'अल ग़र्बिया' म्हणत. आता तो 'अल धफ्रा'. अमेरिकेत एम.एस. करताना माझा तुर्की रूममेट विचित्र गोष्टीला 'गरिप' म्हणे. तुर्कीत त्याचा अर्थ बिचारा, निराधार असाही होतो.

परक्याचा गरीब कसा झाला? मला वाटते, लोकांनी जे पाहिले तेच शब्दात उतरले. ज्याला गावात भाऊबंद नाहीत, वाणी उधार देत नाही, आजारपणात कोणी पेज आणून देत नाही, तो गाठीला चार पैसे असूनही गरीबच.

या हिशोबाने इथे आपण सगळेच अरबी गरीब; आपला मुक्काम व्हिसापुरता. पण आपल्याला मंडळ आहे, गणपती आहे, रात्री-अपरात्री हाक मारायला माणसे आहेत. उन्हात इमारत बांधणारा मजूर मात्र दोन्ही अर्थांनी गरीब. २००९ पासून इथे पगार बँकेमार्फत देण्याची 'वेतन संरक्षण प्रणाली' आहे. त्याने सगळे प्रश्न सुटले असे नाही, पण पैशाच्या गरिबीवर निदान कायदा तरी करता येतो. परकेपणावर कुठला कायदा करणार?

कोणी म्हणेल, नुसते नाव विचारून कोणाचे पोट भरते? खरे आहे. ओळख ही पगाराची भरपाई नव्हे. पण पगार देणे मालकाच्या हातात, आणि ओळख देणे आपल्या. आपल्या बिल्डिंगच्या वॉचमनचे नाव मुलांना ठाऊक आहे का? आणि पुण्या-मुंबईत पोटासाठी बाहेरून आलेल्याला आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो? स्वतः परके होऊन राहिलेल्यांनी तरी या प्रश्नाचे उत्तर टाळू नये.