चावीची घडी, सेलची घडी

दोन्ही घड्या समोर ठेवा. एक चावीची, घरात कुणाची तरी राहिलेली. दुसरी सेलची, तुम्ही रोज घालता ती. चावीची नसेल तर शेजारून मागून आणा; अकोल्यात जुन्या माणसांच्या घरी कपाटाच्या खणात एखादी एचएमटी बहुधा निघतेच. मग पंखा बंद करा. मे महिना असेल तर हे सांगणं जुलमाचं आहे, पण दोनच मिनिटांचा प्रश्न आहे.

आता चावीच्या घडीला चावी द्या. मनगटावर असताना नको, काढून हातात धरून द्या. बांधलेल्या घडीला चावी दिली की दांडीवर तिरका ताण येतो. चावी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. पहिले काही वेढे अगदी सैल जातील, मग बोटाला हळूहळू ताण लागेल. अडली की थांबा. तिथे जोर करणाऱ्यांनी आजवर कितीतरी कमानी तोडल्या आहेत.

ती कानाशी न्या. एचएमटीची जनता किंवा पायलट असेल तर आत ताशी १८,००० ठोके पडताहेत, म्हणजे सेकंदाला ५. मोजायला जाऊ नका, मोजता येत नाहीत. एक श्वास घ्या, सोडा. तेवढ्यात वीस-पंचवीस ठोके होऊन गेले. मग सेलची घडी कानाशी न्या. सेकंदाला एकच टक, तोही मंद. तिच्या आतला स्फटिक मात्र सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आहे, आणि एक इवलंसं सर्किट त्या आकड्याला पंधरा वेळा निम्मं करत करत एका टकेवर आणून सोडतं. हे काम जगात कुणाच्याच कानाला ऐकू येत नाही. चावीच्या घडीची मेहनत ऐकू येते. दोन्ही आवाज पुन्हा एकदा ऐका. निवड करायची घाई अजून नको.

घडीबद्दल माणसं बोलतात तेव्हा आधी अचूकपणा काढतात, म्हणून आपणही तिथेच बसू. चांगल्या अवस्थेतली जुनी जनता दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे जाते असं धरा. दहा हजार सेकंदांत साडेतीन सेकंदांची चूक. सेलची साधी घडी एवढी चूक करायला महिनाभर घेते, कधी त्याहून जास्त. आकडा सेलच्या बाजूने आहे, यात वादच नाही. पण डोळे मिटा आणि कालचा दिवस सकाळपासून आठवा. उठलात, दूध आणलं, मुलांना शाळेत सोडलं, बँकेत गेलात, कचेरीत सही केली. यात अर्ध्या मिनिटाने काय बिघडलं असतं? मूर्तिजापूर-बडनेऱ्याला अप-डाऊन करणारे म्हणतील, गाडी सुटली असती. खरं आहे. पण त्या गाडीचीच वेळ कधी अर्ध्या मिनिटावर ठरली आहे? आणि दर सकाळी चावी देताना काटे जुळवून घेतले तर चूक साचतच नाही, अर्ध्या मिनिटावरच राहते.

आणखी एक काम उद्या दुपारी करा. अंगणात किंवा गच्चीवर एक काठी सरळ उभी करा आणि तिची सावली सगळ्यात आखूड केव्हा होते ते बघा. घडीत बारा वाजलेले नसतील. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, आणि अकोला साधारण ७७ अंशांवर. अंशाला ४ मिनिटं या हिशेबाने सूर्य आपल्याकडे २२ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. तोही रोज त्याच वेळी नाही: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ६ मिनिटांच्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ३६ मिनिटांच्या आसपास. मेच्या चौथ्या आठवड्यात तर एके दिवशी काठीची सावली पार तिच्या बुडाशी जाऊन बसते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची, म्हणजे स्टेशनातली घडी अकोल्याच्या सूर्याच्या सुमारे १३ मिनिटं पुढे. मुंबई शहर तर आपली वेगळी वेळ पुढेही कितीतरी वर्षं धरून बसलं होतं. तेव्हा सेकंदाला पक्की असलेली तुमची सेलची घडी मिर्झापूरच्या बाजूचा मध्यान्ह अचूक दाखवते. त्यात वाईट काही नाही, सगळ्या देशाने मिळून तसं ठरवलं आहे. फक्त अचूक या शब्दाला जरा सैल हाताने धरा.

जुन्या घडीकडे परत या. ती उलटी करा, नाव वाचा. हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजेच एचएमटीने, १९६१ मध्ये बंगळुरूला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळाचा कारखाना काढला. काहींच्या तबकडीवर नाव आणि आकडेही देवनागरीत असत. लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घडी देण्याचे ते दिवस. ज्याच्या हातात एचएमटी, त्याचं बरं चाललंय असं गाव धरून चालायचं. हा भरवसा किती खोल गेला होता ते आपल्या विदर्भातच दिसतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या भाताच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या हेरल्या, त्यांचं बी वेगळं ठेवलं, वर्षानुवर्षं निवडून वाढवलं. बारीक दाण्याचं, चवदार वाण तयार झालं. बाजारात विकायला नाव हवं होतं, म्हणून त्या काळातल्या सगळ्यात विश्वासाच्या वस्तूचं नाव त्याला पडलं: एचएमटी. पुढे आमच्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ते शुद्ध करून १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी म्हणून प्रसारित केलं. मूळ श्रेय कुणाचं यावर पुष्कळ वाद झाला, आणि माझ्या मते दादाजींना त्यांच्या वाट्याचं मिळालं नाही. ते २०१८ मध्ये गेले. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१६ मध्ये, घड्याळाची कंपनी बंद करायला सरकारने मंजुरी दिली होती. ताटात आजही एचएमटी येतो.

विषय सोडून भातावर गेलो असं वाटेल. पण जुनी घडी हातात बांधली की असं काहीतरी तिच्याबरोबर येतंच.

आता सेलच्या घडीला न्याय द्या, कारण जुन्याच्या प्रेमात तिला कमी लेखायची आपल्याला खोड आहे. जगातली पहिली स्फटिकाची मनगटी घडी जपानच्या सेइकोने २५ डिसेंबर १९६९ ला विक्रीला आणली. आपलं कृषी विद्यापीठ त्याच वर्षी, दोन महिने आधी सुरू झालेलं. दोघांचं वय एकच. टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून १९८४ मध्ये टायटन काढली, होसूरला कारखाना घातला आणि चावीच्या घड्यांच्या देशात सेलच्या घडीवर पैज लावली. पैज जिंकली. नव्वदीत नोकरीला लागलेल्या कितीतरी मुलींनी पहिल्या पगारातून टायटन घेतली. ती घडी आता तीस वर्षांची झाली. जुनी घडी म्हटलं की आजोबांची चावीचीच का आठवावी? आईची सेलची घडीही जुनीच आहे.

स्मार्टवॉचवर मी फार वेळ घालवत नाही. पण एक गंमत पाहा. सगळ्यात आधुनिक म्हणवणारी ही वस्तू रोज नाहीतर दोन-तीन दिवसांनी चार्जिंगला लावावी लागते. चावी देण्याचा जाच संपवायला माणसाने पन्नास वर्षं घालवली आणि तोच जाच वायरीसकट परत विकत घेतला. वऱ्हाडातल्या भारनियमनाची वर्षं ज्यांना आठवतात, त्यांनी यावर जास्त विचार करावा.

आता मनगटाकडे बघा. घडी काढल्यावर तिथे जो पांढुरका पट्टा दिसतो, तिथली कातडी बोटाने चाचपा. ओलसर आहे? मार्चअखेरपासून अकोल्यात मनगट कोरडं राहत नाही. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, चामड्याच्या पट्ट्याला आंबूस वास धरतो, आणि घाम जुन्या घडीच्या पितळी केसवरचं क्रोमियम मागच्या कडेने खात जातो. जुन्या केसेस बघितल्यात तर तबकडी ठीक, काच ठीक, आणि पट्टा अडकवायच्या पायांच्या आतल्या बाजूला मात्र मुलामा उडालेला, बोटाला खरखर लागणारा. तो घामाचा हिशेब असतो. चावीच्या दांडीजवळून ओल आत गेली की तबकडीवर डाग येतात, मग गंज. जिनिंगमध्ये काम असेल तर कापसाचा बारीक तंतू त्याच वाटेने आत शिरतो आणि तेलात बसतो. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने राजराजेश्वराला नेणाऱ्याच्या हातात तर चावीची घडी असूच नये. नव्या घडीवर ३० मीटर लिहिलेलं असतं, त्यावरही भुलू नका. त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे चालतील, एवढाच. भर पावसात गाडी चालवायची असेल तर निदान ५० मीटरची बघा, पोहायचं असेल तर १०० ची.

हे वाचून तुम्ही जुनी घडी परत खणात ठेवायला उठाल. जरा बसा.

गांधी रोडच्या बाजूच्या गल्ल्यांत अजून काही घडीवाले आहेत. काचेची पेटी, वर दिवा, एका डोळ्याला भिंग, बाजूला पेट्रोलची वाटी. त्यांच्यापैकी एकाने, बंद पडलेली घडी उघडून बघताना, मान वर न करता सांगितलं होतं, "ठेवू ठेवू खराब झाली हे. घातली असती त टिकली असती." त्या वाक्यात सगळं यंत्रशास्त्र आहे. चावीच्या घडीतलं तेल चार-पाच वर्षांत सुकत जातं, आणि घडी नुसती पडून असेल तर ते एका जागी चिकट होऊन बसतं. मग कधीतरी हौसेने चावी दिली की कोरडी चाकं एकमेकांना घासतात. चालती घडी मागे पडू लागली की मालकाला कळतं, तो ती ओव्हरऑइलिंगला टाकतो. खणातली घडी तक्रार करू शकत नाही. सेलच्या घडीचं तर आणखी वाईट: संपलेला सेल आत तसाच राहिला तर फुटतो, त्यातलं पाणी सर्किट खातं. आईची टायटन आत्ता बंद असेल तर निदान सेल तरी काढून ठेवा.

त्या घडीवाल्याने मागचं झाकण माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला, भिंगाशिवाय दिसणार नाहीत असे बारीक ओरखडे होते: तारखा, आणि कुणाकुणाच्या खुणा. ज्याने ज्याने ती उघडली त्याने आपली तारीख सुईने कोरली होती. घराच्या कुठल्याही वहीत इतका प्रामाणिक हिशेब मला मिळालेला नाही. शेवटच्या तारखेनंतर मोठी रिकामी जागा होती.

म्हणून रोजच्या वापरासाठी जुनी की नवी हा प्रश्न विचारताना माझ्या लेखी निर्णायक गोष्ट एकच: ती उघडणारा माणूस तुमच्या गावात आहे का, आणि तुम्ही त्याच्याकडे जाणार आहात का. दोन्ही होकार असतील तर जुनी घाला. एक जरी नकार असेल तर निखळ मनाने नवी घ्या, त्यात कसला अपराध नाही. आणि घरची जुनी नाही म्हणून बाहेरून विकत घेणार असाल तर सावध राहा. रंगीबेरंगी, कोरी करकरीत दिसणारी जुनी एचएमटी बऱ्याचदा मुंबई स्पेशल असते: यंत्र एकीचं, केस दुसरीची, तबकडी परवा रंगवलेली. हौसेला ती ठीक. पण जुनी म्हणून जास्त पैसे मोजायचे असतील तर झाकण उघडून दाखवायला सांगा. विकणारा कां-कूं करू लागला की उठा.

शेवटी दोन्ही घड्या पुन्हा समोर ठेवा आणि वर्षाकडे बघा, दिवसाकडे नको. माझा निकाल असा आहे: दिवाळी ते होळी चावीची, होळी ते दिवाळी सेलची. थंडीत मनगट कोरडं असतं, बाहीखाली घडी सुरक्षित राहते, आणि सकाळी चहा उकळेपर्यंत चावी देऊन होते. उन्हाळ्या-पावसाळ्यात नवीला राबू द्या, ती त्यासाठीच बनली आहे. त्या महिन्यांत जुनीला पंधरवड्यातून एकदा चावी देऊन चालू द्या, म्हणजे तेल जागेवर बसणार नाही. मिक्सरजवळ किंवा फोनच्या स्पीकरजवळ ठेवू नका. चुंबक धरला की ती एकदम पुढे पळायला लागते. तसं झालंच तर घडीवाल्याकडे मिनिटभराचं काम आहे.

जुनी बंद असेल तर दिवाळीची वाट बघू नका, तेव्हा त्याच्याकडे गर्दी असते. आधीच नेऊन टाका, आणि झाकण लावण्याआधी आत आजची तारीख कोरायला सांगा. उन्हाळ्यात हे लोक दुपारी दुकान बंद करून घरी जातात. सकाळी अकराच्या आत किंवा पाचनंतर जा.