पाचवा अध्याय

सत्यनारायणाची कथा मी आमच्या शाखेत अठरा वेळा ऐकली आहे. म्हणजे त्या वेळी हजर होतो. लक्ष शिऱ्याकडे. तरी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे त्यातला साधुवाणी मी लगेच ओळखला. मूल झाल्यावर पूजा घालतो म्हणायचं, झाल्यावर ‘तिच्या लग्नात घालतो’ म्हणायचं! अशी मुदतवाढ मागणारे कर्जदार आमच्या काउंटरवर रोज येतात.

पाचवा अध्याय आला की मंडळी द्रोण शोधू लागतात. त्यात तुंगध्वज नावाचा राजा आहे. रानात गवळी पूजा करतात, राजाला प्रसाद आणून देतात. राजा तो तिथंच टाकून निघून जातो. मग शंभर मुलगे जातात, संपत्ती जाते आणि गवळ्यांत परत जाऊन पूजा केल्यावर सगळं मिळतं. राजाचं चुकलंच, असं आम्हा सगळ्यांचं मत आहे. आम्ही राजे थोडेच आहोत!

आमच्या पूजेला साहेब जोडीनं पाटावर, ऑफिसर खुर्चीत, आम्ही क्लार्क सतरंजीवर, शिपाई दाराशी. देवापुढं सगळे सारखे. फक्त सीनियॉरिटीप्रमाणं बसलेले. धर्माला अफू म्हणणारे आमचे युनियनचे सेक्रेटरीही शिरा दोनदा घेतात.

एका वर्षी आमच्या सफाईवाल्याची मुलगी दहावी झाली. त्यानं घरी पूजा घातली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक टेबलावर प्रसादाची पुडी ठेवली. एकाएकी शाखेची प्रकृतीच बिघडली. साहेबांना मधुमेह, अकाउंटंटचा उपास, सेक्रेटरींची दाढ. आदल्याच दिवशी गेटवर कामगारांच्या एकजुटीबद्दल कडाडली होती, तीच दाढ! नको मात्र कुणी म्हटलं नाही. शिकलेली माणसं आम्ही. सगळ्यांनी पुडी कपाळाला लावली. मीही लावली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. घरी नेईन म्हणून. (खरं सांगायचं तर नेणार नव्हतो.)

संध्याकाळी कचऱ्याच्या टोपल्या कोण रिकाम्या करतो, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

सकाळी तो माझ्या टेबलाशी थांबला.

“भाऊसाहेब, टोपल्यांत सगळ्यांच्या पुड्या निघाल्या. तुमची तेवढी नव्हती. पोरीला सांगितलं मी, एकानं खाल्ला म्हणून.”

“छान झाला होता हो शिरा,” मी म्हणालो.

ड्रॉवरच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली होती. मी तिच्यावर रजिस्टर ठेवलं.