युद्धाच्या बातम्या आणि आपले मन



दूरचे युद्ध रात्रंदिवस मोबाइलवर पाहत राहणे ही माणुसकी आहे काय? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आणि आता आपल्यापुढे ठेवीत आहे.

१९९९ साली कारगिलचे युद्ध चालू असताना मी लहान होतो. घरात वाचता येणारा मी पहिलाच; म्हणून संध्याकाळी वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. शेवटचे पान संपले की बातमी संपे. वडील हळहळत आणि जेवून झोपी जात. मोबाइलला शेवटचे पान नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी मी पहाटेपर्यंत जागा होतो. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे काही वृत्तवाहिन्यांनी सांगितले. ती बातमी खोटी निघाली. माझ्या छातीतील धडधड मात्र खरी होती. दुसऱ्या दिवशी मी घरी मुलीवर विनाकारण ओरडलो.

हा केवळ माझा दुबळेपणा नव्हे. २०१३ साली अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या एका संशोधनात, रोज सहा तास वा अधिक काळ त्या बातम्या पाहणाऱ्यांत तीव्र तणावाची लक्षणे प्रत्यक्ष स्फोटस्थळी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. डोळे संकट पाहतात, शरीर पळण्याची तयारी करते; पण पळायचे कोठे? हेच रोज घडले की मन थकते, आणि पुढे बधिर होते. मग प्रेत दिसले तरी बोट थांबत नाही.

कोणी म्हणेल, युक्रेनमध्ये, गाझात ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडले त्यांना मोबाइल बंद करून सुटका मिळाली नाही. मग आपण तो बंद करणे हा स्वार्थ नव्हे काय? आक्षेप खरा आहे. जगाने आपल्या दुःखाकडे पाठ फिरवली की काय वाटते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. म्हणून पाठ फिरवू नका. परंतु नुसते पाहणे म्हणजे करुणा नव्हे. माझ्या जागरणाने एकाही लेकराचे घर वाचले नाही.

तेव्हा दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, खात्रीची बातमी वाचा. युद्ध का पेटले ते मुलांना समजावून सांगा. शक्य ती मदत करा, अन्यायाचा निषेध करा आणि मोबाइल खाली ठेवा. थकलेले मन द्वेषाला लवकर बळी पडते. शांततेसाठी झटायचे असेल तर आधी मन शाबूत ठेवले पाहिजे.