ठाणेदारावर नजर कुणाची?

वाशिमच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने एखादा पोलीस पकडला की बातमी ठरलेल्या वळणानेच येते. मागणी, पडताळणी, तडजोडीअंती ठरलेली रक्कम, पंचांसमोर सापळा, पावडर लावलेल्या नोटा, द्रावणात गुलाबी होणारे हात. वाचून बरे वाटते. पकडणारेही पोलीसच, प्रतिनियुक्तीवर आलेले, हे सहसा ध्यानात येत नाही.

पण सापळ्याला नोट लागते. रिसोड किंवा मानोऱ्याच्या शेतकऱ्याची तक्रार ‘अदखलपात्र’ लिहून त्याला वाटेला लावले, तर पावडर कशाला लावणार? दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद केलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 साली बजावले. ते बजावावे लागले, यातच पुष्कळ आले.

पोलिसावरचा अविश्वास आपल्याकडे कायद्यातच लिहिलेला आहे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 नुसार पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रज सरकार आपल्याच शिपायाला चांगले ओळखून होते. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, कलमाचा आकडा 23 झाला, अविश्वास तसाच राहिला.

1902 साली नेमलेल्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर त्याआधी नागपुरात मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. पोलीस दल भ्रष्ट आणि जुलमी समजले जाते, हे या आयोगाने आडपडदा न ठेवता मांडले. उपाय सुचवले ते पगारवाढ, नीट भरती आणि प्रशिक्षण यांचे. माणूस सुधारला की खाते सुधारेल, असा हा हिशेब. तो खोटा नव्हता, अपुरा होता. पुढे वेतन आयोगांमागून वेतन आयोग आले, तरी महाराष्ट्रातल्या सापळ्यांत महसूल आणि पोलीस ही दोन खाती वरचा क्रमांक सोडत नाहीत.

विचाराला खरे वळण मिळाले ते विदर्भातच. मार्च 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले, आणि महिला संघटना रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला: ताब्यातल्या बाईशी संबंध सिद्ध झाला आणि तिने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. रात्री ठाण्यात बोलावलेल्या मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ वर्दीवाल्यांच्या सोयीने लावायचा नाही, हे तेव्हा कायद्याने मान्य केले. पोलीस स्वभावाने कसा आहे, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. ठाण्याच्या चार भिंतींत तो काय करू शकतो आणि ते कोण पाहतो, हा पुढे आला.

त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात दिले: राज्याबरोबर प्रत्येक जिल्ह्यातही पोलीस तक्रार प्राधिकरण हवे. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण राज्याखालचे प्राधिकरण ठेवले ते विभागाला. वाशिमचा विभाग अमरावती, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर. मजुरी बुडवून तिथे तक्रारीला जाईल असा माणूस मला तरी माहीत नाही.

याच दुरुस्तीत निरीक्षकाला ठाण्यात साधारण दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला. सरळ ठाणेदाराच्या दृष्टीने हे कलम पगारवाढीहून मोलाचे, कारण पुढाऱ्याचा फोन टाळायचा तर उद्या बदली होणार नाही एवढी खात्री लागते. मात्र लोकहित आणि प्रशासकीय निकड ही कारणे दाखवून मुदतीआधी बदली करण्याचा अधिकारही त्याच कायद्यात राखून ठेवलेला आहे.