पहिली ओळ कोणाची?

वाचक माउली,

कीर्तनाला उभे राहणे आता होत नाही. गळा साथ देत नाही, गुडघे तर त्याहून नाही. तरी माणसे प्रश्न घेऊन येतात. अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो, आणि तो विचारणारे गरीब नसतात. ‘महाराज, पगार चांगला आहे, पण पुरत नाही. आणि सारखा पैशाचा हिशेब करत बसलो, तर तोही लोभच ना?’ या प्रश्नाला मी बरेच दिवस वरवरचे उत्तर देत आलो. आज जरा नीट देतो.

गेल्या वर्षी पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, तेव्हा मी आमच्या गावच्या एका मुलाकडे उतरलो. त्याचे वडील आमच्या दिंडीतले विणेकरी. मुलगा हिंजवडीला कामाला आहे. हातात येणारा पगार एक लाख वीस हजार. त्याच्या मनात एकच गोष्ट होती, एक दिवस वडिलांबरोबर दिवे घाट चढायचा. पण रजा मागायला तो धजत नव्हता. म्हणाला, ‘महाराज, नोकरीत नाराजी ओढवून घेणं परवडत नाही. हप्ते आहेत.’

रात्री मी म्हटले, ‘बाळा, वही आण.’ वही नव्हती. सूनबाईंनी मोबाईलमध्ये सगळे टिपून ठेवले होते. त्या वाचत गेल्या, मी कागदावर उतरवत गेलो. घराचा हप्ता 48,000. गाडीचा 14,000. मुलीची शाळा 12,000. सोसायटीचा मेंटेनन्स 4,500. पेट्रोल 6,000. किराणा, दूध, भाजी, वीज, औषधे मिळून 16,000. हॉटेल आणि घरपोच मागवलेले खाणे 11,000. क्रेडिट कार्डाचा भरणा 9,000. आणि सगळ्यांत शेवटी, गावी आईवडिलांना 3,000. बेरीज झाली 1,23,500. म्हणजे महिन्याला साडेतीन हजार कमी, आणि ती तूट पुन्हा कार्डावर. त्या कार्डाच्या थकबाकीला दरमहा तीन-साडेतीन टक्के व्याज. आमच्या लहानपणी सावकाराच्या नावाने गाव थरथरायचे. आता तो खिशात बसतो, आणि आपण त्याला सुविधा म्हणतो.

इथे देवगडच्या वाटेवरचा नव्हे, देवगिरीचा प्रसंग आठवावा. नाथ महाराज जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेब लिहीत. एका पैची चूक सापडेना, म्हणून रात्रभर जागले, आणि सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! हा प्रसंग मी शेकडो वेळा सांगितला, आणि दरवेळी घाईने शेवटाकडे गेलो. पण पाहा, स्वामींनी नाथांना हिशेब टाकून दे असे म्हटले नाही. ज्याने पैची चूक शोधली, त्यालाच मोठी चूक शोधण्याचा अधिकार मिळाला.

कोणी म्हणेल, तुकोबांनी तर वह्या इंद्रायणीत सोडल्या. खरे आहे. पण कोणत्या? लोकांकडून आपल्याला येणे होते त्या. देणे बुडवले नाही. आणि परंपरा सांगते, धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना वेगळा काढून दिला, आपल्याच वाट्याचे कागद पाण्यात सोडले. वैराग्याच्या त्या क्षणीही कोणाचे किती, हे चुकले नाही. हिशेब न ठेवणे म्हणजे वैराग्य नव्हे. तो आळस आहे, आणि त्याची किंमत बहुधा दुसराच कोणी भरतो.

आपली दिंडीच पाहा ना. भिशी गोळा होते, कोठीवाला शिधा मोजतो, कोणत्या मुक्कामाला किती पाने हे आधी ठरते. म्हणून तर वारकरी निश्चिंत मनाने भजन करतो. मोजणारा एक नीट असला, की बाकीच्यांना विसरता येते.

मग त्या मुलाची चूक कुठे होती? घर घेण्यात मी चूक म्हणणार नाही. पुण्यात डोक्यावर छप्पर हवे, पोरीला शाळा हवी. महागाई खरी आहे, तिला उपदेशाने उतार पडत नाही. पंचावन्न लाखांच्या कर्जाला वीस वर्षांत एक कोटी पंधरा लाख भरायचे, हे ओझे लहान नाही. चूक आकड्यात कमी, ओळींच्या क्रमात जास्त होती. ज्यांना नाही म्हटले तरी ते ओरडत नाहीत, ते सगळे शेवटच्या ओळीत गेले होते. हप्ता चुकला तर फोन येतो. बाप फोन करत नाही. त्याचे वडील मला वाटेत म्हणाले होते, ‘त्यालाच पुरत नाही, म्हणून डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. त्याला सांगू नका.’

त्या रात्री मी ते सांगितले. वचन मोडले, त्याचे पाप माझे.

हे मी उंचावर बसून सांगत नाही. 1996 साली मुलीच्या लग्नात लोक काय म्हणतील म्हणून मोठा मांडव घातला आणि चाळीस हजारांचे कर्ज केले. पुढची पाच वर्षे जिथे बिदागी जास्त तिथे मी गेलो. एका वाडीतली माणसे काल्याच्या कीर्तनाला बोलवायला आली होती. त्यांच्याकडे देण्यासारखे काही नव्हते. मी तारीख रिकामी असताना ‘रिकामी नाही’ म्हटले. कर्ज पैशाचे होते, पण त्याने माझी जीभ गहाण ठेवली. महाग वस्तूची खरी किंमत ही असते, माउली. नको तिथे नाही म्हणण्याची आणि हवे तिथे हो म्हणण्याची आपली मोकळीक ती घेऊन जाते. त्या मुलाला दिवे घाट चढता येईना, तो याच कारणाने.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग सूनबाई म्हणाल्या, ‘गाडी विकू या, हे मी दोनदा म्हटलं होतं. कंपनीची बस दारावरून जाते.’ नवा कागद घेतला. पहिली ओळ आईवडील, 8,000. दुसरी अन्नदान, 1,000. मग घर, शाळा, मेंटेनन्स, किराणा होते तसेच. स्कूटरचे पेट्रोल 2,000. बाहेरचे खाणे 4,000. कार्ड संपेपर्यंत त्यात 15,000. शिल्लक 9,500. ती शिदोरी. नोकरी गेली तरी सहा महिने घर चालेल, इतकी साठेपर्यंत तिला हात लावायचा नाही. अशी शिदोरी गाठीला असली, की साहेबापुढे रजा मागताना आवाज कापत नाही.

गाडी विकून तिचे कर्ज फिटले, वर फारसे उरले नाही. वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीआधी झाले. घाट मात्र त्या वर्षी चुकला तो चुकलाच.

आपणही या महिन्याचा पगार हाती आला, की एक कोरा कागद घ्या. आकडे नंतर लिहा. आधी पाहा, पहिल्या ओळीत कोणाचे नाव येते.

रामकृष्ण हरी.